चार्जिंगची खूण दिसते, तरी टॅबलेट का उतरतो?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. ती वैमानिकाचं प्रशिक्षण घेते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, आमच्या सेसना १७२ या छोट्या विमानात मी टॅबलेट सोबत नेते. नकाशे, चेकलिस्ट सगळं त्यावर. लायटरच्या सॉकेटमध्ये दोन पोर्टचा चार्जर लावलाय. एका पोर्टवर दोन मीटरच्या केबलनं टॅबलेट, दुसऱ्यावर छोटा जीपीएस रिसीव्हर. जमिनीवर चार्जिंग होताना दिसतं. क्रॉस-कंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, गेलं की खूण जाते-येते आणि दीड तासानं उतरल्यावर बॅटरी १०० वरून ८० च्या आसपास आलेली असते. रिसीव्हर तर मध्येच बंद पडतो आणि आपोआप परत चालू होतो. तीन केबल बदलून झाल्या. आता कुठली घेऊ?"

पोरी, चौथी केबल घ्यायच्या आधी जरा थांब. तू लिहिलंयस त्यावरून मला निदान दोन वेगवेगळे बिघाड दिसतात. नुसत्या केबली बदलत राहिलीस तर त्यातला एकही धड सापडणार नाही. माझी नोकरी हवाई दलात इलेक्ट्रिकल ट्रेडमध्ये झाली. आता उद्यमनगरात वर्कशॉप आहे आणि तिथं ट्रक, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्र अशा सगळ्यांच्या केबिनमधली इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीला येतात. यूएसबी केबलचं दुखणं सगळीकडे तेच असतं. पण ऊस भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर गाडी कडेला लावून केबल काढून परत खोचू शकतो. तुला ती सोय नाही. म्हणून हे सगळं जमिनीवरच निस्तरायचं.

आधी त्या खुणेबद्दल. टॅबलेटवर चार्जिंगची खूण आली याचा अर्थ त्याच्या तोंडापर्यंत व्होल्टेज पोचलंय, बस. करंट किती येतोय ते ती खूण सांगत नाही. पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस चालू, नकाशा सतत सरकतोय, अशा वेळी टॅबलेट सहज पाच-सहा वॅट खातो. केबलमधून तीनच वॅट येत असतील तर खूण दिसत राहते आणि बॅटरी उतरत राहते. तुझ्या आकड्यांवरून तुझ्याकडे हेच चाललंय.

तीनच वॅट का येतात त्याचा हिशेब मांडू. स्वस्तातल्या बहुतेक लांब केबलींत पॉवरच्या तारा २८ एडब्ल्यूजीच्या असतात. या मापात आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल दोन मीटरची असली तरी करंट एका तारेनं जातो आणि दुसरीनं परत येतो, म्हणजे हिशेबाला चार मीटर धरायचे. झाले जवळपास ०.८५ ओहम. टॅबलेटनं २ अँपिअर मागितले तर वाटेतच १.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि ५ व्होल्टचे ३.३ उरतात. तेवढ्यावर टॅबलेट चार्ज होत नाही. मग तो आपणहून करंट कमी करत जातो, तोंडाशी व्होल्टेज ४.४ च्या आसपास टिकेल इतका. त्या व्होल्टेजला या केबलमधून ०.७ अँपिअर येतात, म्हणजे तीन वॅट. नदीवरची मोटर चांगली असूनही पाइप बारीक आणि लांब असला की शेवटच्या वाफ्यात धार पातळ पडते, तसंच हे.

आता २४ एडब्ल्यूजीची, एक मीटरची केबल घे. मीटरला ०.०८४ ओहम, जाऊन-येऊन ०.१७. तेच २ अँपिअर घेतले तरी फक्त ०.३४ व्होल्ट पडतात आणि टॅबलेटला ४.६६ मिळतात. काही केबलींच्या अंगावर बारीक अक्षरात २८/२४ असं छापलेलं असतं. पहिला आकडा डेटाच्या तारांचा, दुसरा पॉवरच्या तारांचा. दोन्हीकडे २८ दिसलं तर ती केबल कॉकपिटमध्ये न्यायची नाही. काहीच छापलेलं नसेल तर मी बारीकच समजून चालतो. शिवाय काही केबलींत तांबं फक्त वरचा मुलामा म्हणून असतं आणि आत ॲल्युमिनियम. त्यांचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे दीडपट. तार ब्लेडनं खरवडली आणि आत पांढरी चकाकी दिसली की ओळखायचं.

हे सगळं डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून एक यूएसबी मीटर घे. चार्जर आणि डिव्हाइसच्या मध्ये बसणारा, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवणारा छोटा डबा असतो. तुझा टॅबलेट टाइप-सी असेल तर टाइप-सीचाच मीटर घे, म्हणजे तो केबलच्या टॅबलेटकडच्या टोकाला लावता येईल. बरेच जण मीटर चार्जरच्या बाजूला लावतात, ५.१ व्होल्ट बघतात आणि सगळं ठीक आहे म्हणून मोकळे होतात. चार्जरकडे ५.१ असणारच, वाटेत काय झालं ते दुसऱ्या टोकालाच कळतं. आणि साध्या मल्टीमीटरनं केबलचा रेझिस्टन्स थेट मोजायला जाऊ नकोस. मल्टीमीटरच्या स्वतःच्या लीडांचाच रेझिस्टन्स त्याच्याइतका असू शकतो. लोड, म्हणजे करंट ओढणारं काही, नसताना व्होल्टेज किती, लोड देऊन किती, त्या फरकाला करंटनं भाग. चार्जरकडचं व्होल्टेज टिकून असेल तर खरा आकडा तो.

टॅबलेट निम्म्यापर्यंत उतरव, ब्राइटनेस पूर्ण कर, नकाशा चालू ठेव आणि रीडिंग बघ. साधारण तीन प्रकारची चित्रं दिसतात.

व्होल्टेज साडेचारच्याही खाली बसलेलं आणि करंटही कमी, असं दिसलं तर वाटेत रेझिस्टन्स आहे. आता मीटर चार्जरच्या बाजूला नेऊन बघ. तिथं पाच असेल तर दोष केबलचा किंवा तोंडाचा. तिथंही खाली बसलं असेल तर चार्जरच दमतोय, केबलला बोल लावून उपयोग नाही.

दुसरं चित्र फसवं असतं. व्होल्टेज छान ५ आणि करंट मात्र अर्ध्या अँपिअरवर अडकलेला. इथं पॉवरच्या तारा ठीक आहेत, बोलणी फिसकटलीत. जुन्या रुंद पोर्टच्या (यूएसबी-ए) चार्जरला आपण चार्जर आहोत, संगणक नाही, हे टॅबलेटला सांगावं लागतं आणि तो ते डेटाच्या दोन तारांवरून सांगतो. साध्या पद्धतीत चार्जर त्या दोन तारा आतल्या आत एकमेकींना जोडून ठेवतो. तेवढ्यावरून टॅबलेट १.५ अँपिअरपर्यंत घ्यायला तयार होतो. काही कंपन्यांच्या टॅबलेटना त्या तारांवर ठरावीक व्होल्टेज दिसावं लागतं. केबलमधल्या डेटाच्या तारा तुटल्या असतील, किंवा मुळातच नसतील, तर टॅबलेटला वाटतं की आपण संगणकाच्या साध्या पोर्टला जोडलेलो आहोत, आणि तो ५०० मिलीअँपिअरच्या पुढे जात नाही. फक्त चार्जिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलींत डेटाच्या तारा नसणं नेहमीचं आहे. त्यामुळे केबल जाडजूड आणि व्होल्टेज उत्तम असूनही टॅबलेट उतरतो, आणि माणूस गोंधळतो.

तिसरं चित्र म्हणजे व्होल्टेज पाचच्या वर आणि करंट जवळजवळ शून्य. बॅटरी भरलेली नसताना असं झालं तर टॅबलेट स्वतः नको म्हणतोय. बहुतेक वेळा कारण उष्णता. ॲपलनं आयपॅडसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिली आहे. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे बाहेरचीच हवा त्याच्या वर जाते. त्यात टॅबलेट काचेमागे उन्हात, पाठीवर जाड कव्हर आणि चार्जिंगची स्वतःची गरमी. बॅटरी वाचवण्यासाठी तो चार्जिंग थांबवतो, आणखी तापला तर स्क्रीन मंद करतो. केबल कितीही बदल, फरक पडायचा नाही. कव्हर काढ, पाठीला वारा लागेल असा होल्डर घे आणि विमान उभं असताना टॅबलेट डॅशवर ठेवून जाऊ नकोस.

तुझी खूण जाते-येते, तिथं मात्र कंपनाचा हात आहे. क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ज्वलनं होतात, म्हणजे सेकंदाला ८० ठोके आणि तासाला २ लाख ८८ हजार. पिन आणि सॉकेट एकमेकांवर अगदी सूक्ष्म अंतरानं घासत राहतात, मुलामा झिजतो, खालचा धातू काळवंडतो आणि संपर्क सुटत जातो. सगळे टाइप-सीच्या तोंडाकडे संशयानं बघतात, पण चार्जरकडचं रुंद तोंड आधी सैल होतं. टाइप-सी तोंड १० हजार वेळा खोचण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं, ते जुनं रुंद तोंड साधारण १५०० वेळांसाठी.

दुसरी जागा म्हणजे केबलचा गळा, पिनेच्या मागचा रबरी भाग जिथं संपतो तिथला पहिला सेंटिमीटर. एका ऊसवाहतुकीच्या ट्रकमधली केबल परवा टेबलावर उभी चिरली. बाहेरून नवीकोरी, हाताला फक्त एक बारीकशी गाठ लागत होती. आत लाल तारेचे केसासारखे धागे बहुतेक तुटलेले, त्यांची टोकं काळी पडलेली आणि उरलेल्या दोन-तीन धाग्यांवर सगळा भार. केबल सरळ धरली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची आणि मीटर पावणेपाच दाखवायचा. जरा वाकवली की चारच्या खाली. तिनं दुकानात काउंटरवर प्रत्येक वेळी परीक्षा पास केली असती.

म्हणून लोड चालू ठेवून केबल हलवून बघायची. मीटर टॅबलेटच्या टोकाला, टॅबलेट चार्जिंगला, आणि दोन्ही गळे चारही दिशांना हळूहळू वाकवायचे. जोर लावायचा नाही, बोटानं ढकलल्यासारखं. रीडिंग एकदा जरी दचकलं तरी ती केबल बाद. नंतर गळा न वाकवता फक्त प्लग पोर्टमध्ये हळूच हलव. तिथं दचकलं तर आधी टॅबलेटचं तोंड साफ कर. टॅबलेट बंद करून लाकडी टूथपिकनं आतली कापसासारखी धूळ काढायची, सुई घालायची नाही. प्लगच्या पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यायच्या. गगनबावडा, राधानगरीकडच्या गाड्यांतल्या केबली पावसाळ्यानंतर माझ्याकडे येतात, त्यात नेमकी पाच व्होल्टची पिन हिरवट-काळी झालेली असते आणि बाकीच्या स्वच्छ. ओल असताना त्या पिनेवर व्होल्टेज असतं, म्हणून धातू तिथूनच झिजतो. अशी पिन पुसून तात्पुरती चालते, पण विमानात ती केबल न्यायची नाही.

विमानाआधी हीच परीक्षा घरच्या गाडीत घे. मीटर लावून टॅबलेट चालू ठेव, गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे आणि पन्हाळ्यापर्यंत जाऊन या. मागच्या सीटवरून फक्त आकडा बघत बस. गाडीत जी केबल दचकते ती विमानात टिकत नाही.

आता रिसीव्हरकडे येऊ. तो मध्येच बंद पडून परत चालू होतो, यात मला केबलपेक्षा चार्जरचा संशय जास्त येतो. बरेच दोन पोर्टचे चार्जर पॉवर दोघांत वाटतात. एका पोर्टवर काही लावलं, काढलं किंवा संपर्क क्षणभर सुटला की ते दोन्ही पोर्ट बंद करून वाटणी नव्यानं करतात. टॅबलेटला बॅटरी आहे, त्याला फक्त खूण गेल्यासारखी दिसते. तुझ्या रिसीव्हरची बॅटरी संपलेली असेल किंवा त्याला ती नसेलच, तर तो मरतो आणि पुन्हा उपग्रह शोधायला बसतो. म्हणजे टॅबलेटच्या केबलचा दोष रिसीव्हरवर दिसतो. पडताळा सोपा आहे. रिसीव्हर एकटा लावून बघ. तो टिकला, तर टॅबलेटची केबल हातानं काढ-घाल कर. त्याच क्षणी रिसीव्हर बंद पडला की चोर सापडला.

इथं दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलचा एक स्वभाव लक्षात ठेव. त्या पद्धतीत पॉवर देणारा पोर्ट आधी सीसी नावाच्या पिनेवरून समोर कुणी आहे का बघतो आणि मगच पाच व्होल्ट सोडतो. डिव्हाइसच्या बाजूला त्यासाठी ५.१ किलोओहमचे रेझिस्टर लागतात. कंपनानं त्या पिनेचा संपर्क सुटला की पॉवर पूर्ण बंद होते आणि बोलणी पहिल्यापासून सुरू होते. शिवाय काही स्वस्त रिसीव्हरांत ते रेझिस्टर बसवलेलेच नसतात. ते सी-टू-सी केबलवर चालूच होत नाहीत आणि रुंद तोंडाच्या केबलवर निमूट चालतात. छोट्या, कमी करंटच्या उपकरणाला मी रुंद तोंडाची केबल देतो. तिथं पाच व्होल्ट कायम हजर असतात, विचारपूस नाही. टॅबलेट मात्र ९ व्होल्टवर चार्ज होणारा असेल तर सी-टू-सी आणि पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे डिव्हाइसशी बोलून जास्त व्होल्टेज देणारा) चार्जर उत्तम. तेवढेच वॅट कमी करंटमध्ये जातात आणि वाटेतला ड्रॉप जाचत नाही. काही जुन्या हातातल्या जीपीएसना साधी डेटा केबल लावली की ते संगणकाला जोडलंय समजून नकाशाच बंद करतात. त्यांना त्यांच्या कंपनीचीच पॉवर केबल लागते.

सॉकेटबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण मला तेच आधी विचारायचं होतं. जुन्या १७२ मध्ये १४ व्होल्टची सिस्टीम असते, नंतरच्यांत २८ ची. काही विमानांत सॉकेटपाशी १२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि मागे कन्व्हर्टर असतो, काहींत विमानाच्या मुख्य वीजपट्टीचे (बस) २८ थेट येतात. विमानाचं मॅन्युअल आणि सॉकेटवरची पट्टी बघ, मग चार्जरवरचा इनपुटचा आकडा वाच. नुसतं १२ लिहिलेला चार्जर २८ वर लावायचा नाही. आपल्याकडे २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये लावलेले कारचे चार्जर जळून येतात, कारण इंजिन चालू असताना तिथंही जवळपास २८ च असतात. माझ्या मते चार्जर निदान ३० व्होल्टपर्यंत चालेल असं त्यावर छापलेलं हवं. प्लगच्या टोकाची स्प्रिंग दाबून बघ, आतला फ्यूज धरणारी पितळी टोपी घट्ट आहे का बघ. टोकाभोवती प्लास्टिकवर तपकिरी कडं दिसलं तर तिथं संपर्क सैल होऊन तापतंय. चार्जर बदल. सॉकेटच सैल असेल तर स्क्वॉकशीटवर (बिघाड नोंदवायच्या कागदावर) लिहून एएमईंना, म्हणजे विमानाच्या देखभाल इंजिनिअरना, सांग. विमानाच्या वायरिंगला तू किंवा मी हात लावायचा नाही.

चार्जर बदलशील तेव्हा रेडिओवर ऐकून घे. या चार्जरांच्या आत स्विचिंग सर्किट असतं आणि हलक्या मालाचा गोंगाट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या आपल्या बोलण्याच्या पट्ट्यातही उतरतो. विमान उभं असताना, इन्स्ट्रक्टरच्या परवानगीनं, स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) उघडून चार्जर लाव आणि काढ. खरखर वाढली की तो चार्जर खाली उतरव. केबलवर फेराइटचा (गोंगाट शोषणारा) क्लिप लावून आवाज कमी होतो हे खरं, पण टॉवरचं एखादं वाक्य त्या खरखरीत बुडणार असेल तर तसला चार्जर ठेवायचाच कशाला? मॅग्नेटनं चिकटणाऱ्या टोकांच्या केबलीही नकोत. संपर्क कच्चा, आणि कंपासजवळ चुंबक.

आता खरेदी. टॅबलेटसाठी पॉवरच्या तारा २४ किंवा त्याहून जाड असलेली, डेटाच्या तारांसह, एक मीटरची केबल घे. होल्डर जवळ असेल तर अर्ध्या मीटरची. सारख्या दोन घे, दोन्ही मीटरवर तपास, दोन्हींवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लाव आणि दुसरी हात पोचेल अशा खिशात ठेव. रिसीव्हरला वेगळी केबल, आणि जमल्यास वेगळा पॉवर सोर्स. पॉवर बँक देणार असशील तर ती आधी घरी तास-दोन तास चालवून बघ. करंट अगदी कमी दिसला की कित्येक पॉवर बँका काही वेळानं आपोआप बंद होतात आणि छोटे रिसीव्हर नेमके त्या मर्यादेखाली असतात. पॉवर बँक उन्हात ठेवायची नाही.

केबल बसवताना प्लगवर तिचं वजन येऊ देऊ नकोस. प्लगपासून चार-पाच सेंटिमीटरवर वेल्क्रोनं बांध, मध्ये छोटा सैल वळसा ठेव. १७२ चं योक, म्हणजे विमान वळवायचं हँडल, पुढे-मागे सरकतं, तेव्हा केबल त्याच्या वाटेत, थ्रॉटलपाशी, ट्रिम व्हीलजवळ किंवा फ्युएल सिलेक्टरवरून जाणार नाही हे बघ. बांधून झाल्यावर कंट्रोल पूर्ण टोकापर्यंत फिरवून बघ, दोन्ही दिशांना. हवेत केबल सुटली तर तिच्या मागे लागू नकोस, विमान उडवत राहा. इंजिन सुरू करायच्या आधी टॅबलेट १०० टक्के असलाच पाहिजे, म्हणजे केबल गेली तरी पूर्ण क्रॉस-कंट्री त्याच्या बॅटरीवर निघते. कागदी नकाशा बॅगेत असू दे. बाद केबल पक्कडीनं दोन तुकडे करूनच टाक, नाहीतर घरातलं कुणीतरी ती सरळ करून परत तुझ्या बॅगेत ठेवेल.

दोन रीडिंग मला पाठव. एक, टॅबलेटच्या टोकाचे व्होल्ट आणि अँपिअर, पूर्ण ब्राइटनेसवर. दुसरं, तेच चार्जरच्या बाजूचं. सोबत चार्जरवरच्या इनपुटच्या ओळीचा फोटो आणि सॉकेटपाशी काय लिहिलंय ते. तोवर तो दोन पोर्टचा चार्जर विमानात लावू नकोस.